वेग, दंड आणि चौकांतला शिपाई

मोटार ही वस्तु आतां चैनीची राहिलेली नाहीं. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वीं एकच सायकल सहा जण आळीपाळीनें वापरीत, त्याच घराच्या दारांत आज एक मोटार व दोन-तीन दुचाक्या उभ्या असलेल्या दिसतात. नवें वाहन घरीं आलें म्हणजे आपण त्याला हार घालतों, चाकाखालीं लिंबू ठेवतों, शेजारीपाजारीं पेढे वांटतों. परंतु त्या वाहनाच्या पाठोपाठ कायद्याचें एक जाडजूड पुस्तकही उंबऱ्याच्या आंत आलेलें असतें, याची आठवण पहिला दंड होईपर्यंत बहुधा कोणालाच होत नाहीं.

आणि तो दंड झाला म्हणजे घरांत जी चर्चा होते, ती ऐकण्यासारखी असते. पुतण्या म्हणतो, “सगळेच त्या वेगानें चालले होते, मग मलाच कां धरलें?” काका म्हणतात, “अरे, मला फोन करायचा होतास. त्या चौकीवरचे साहेब आपल्या ओळखीचे आहेत.” आजोबा म्हणतात, “आमच्या वेळीं शिपायाची शिट्टी ऐकली कीं छातींत धस्स होत असे. तुम्हांला कसली भीतिच उरली नाहीं.” एवढ्यांत सूनबाई विचारतात कीं, दंड नक्की किती, तो कोठें भरावयाचा आणि त्यावर कांहीं म्हणावयाचें असल्यास कोणापाशीं म्हणावयाचें, तेव्हां मात्र एकाएकीं सारे गप्प होतात! त्या साऱ्या चर्चेंत उपयोगाचा प्रश्न तेवढा एकच असतो व त्याचेंच उत्तर कोणापाशीं नसतें. तें उत्तर शक्य तितकें सोपें करून सांगावें आणि त्याबरोबरच वेग, दंड व शिपाई या त्रयीकडे सुशिक्षित कुटुंबानें कोणत्या दृष्टीनें पाहावें याचाही थोडा विचार करावा, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहोंत.

वेगाला लगाम

वेगाबद्दल दंड होणें ही कांहीं आजकालची गोष्ट नव्हे. मोटारीच्या पाठोपाठ दंडही जन्माला आला असें म्हटलें तरी चालेल. इंग्लंडांत १८६५ च्या कायद्यानें यंत्रावर चालणाऱ्या गाड्यांना गांवांत ताशीं २ मैल व गांवाबाहेर ताशीं ४ मैल एवढीच मर्यादा घालून दिली होती. १८९६ च्या जानेवारींत केंट परगण्यांतील पॅडक वुड या गांवांतून वॉल्टर आर्नोल्ड नांवाचे एक गृहस्थ ताशीं सुमारें ८ मैल वेगानें मोटार घेऊन गेले. तेथील शिपायानें सायकलवरून पाठलाग करून त्यांना गांठलें आणि न्यायालयानें वेगाच्या गुन्ह्याबद्दल त्यांना १ शिलिंग दंड केला. वेगासाठीं शिक्षा झालेले हे पहिले मोटारवाले मानले जातात. ज्या मोटारीला सायकलवरच्या शिपायानें गांठावें, तिचा वेग त्या काळीं लोकांना बेफाम वाटत होता, हें वाचून आज हंसूं येतें. पण त्यांतलें तत्त्व हंसण्यासारखें नाहीं. रस्ता हा सर्वांचा आहे आणि त्यावर कोणीं किती धांवावें हें धांवणाऱ्याच्या मर्जीवर सोडतां येत नाहीं, हें तें तत्त्व होय.

आपल्या देशांत १९१४ सालीं सबंध हिंदुस्थानाकरितां पहिला मोटार कायदा झाला. त्याची जागा १९३९ च्या कायद्यानें घेतली. पुढें १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलांत आला आणि आज आपल्याला लागू आहे तो हाच. त्यांत २०१९ सालीं मोठी दुरुस्ती झाली. दंडाचे आंकडे ऐकून आज जे डोळे विस्फारतात, ते या दुरुस्तीमुळें.

वेगाचें गणित

फलकावरचा आंकडा कोणा अधिकाऱ्यानें सहज मनांत आलें म्हणून लिहिलेला असतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो दूर होण्यासाठीं शाळेंत शिकलेलें थोडेंसें गणित पुरेसें आहे. ताशीं ६० किलोमीटर वेगानें चाललेली मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. समोर कोणी आडवें आलें हें डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असें धरूं. तेवढ्या वेळांत गाडी हे १७ मीटर पूर्वीच्याच वेगानें गेलेली असते आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही आणखी सुमारें २० मीटर जाऊन मग थांबते. म्हणजे एकूण ३७ मीटर झाले. वेग ताशीं ८० असेल, तर हेंच अंतर ५७ मीटरांच्या आसपास जातें. १०० असेल, तर ८३ मीटरांच्या. कारण वेग दुप्पट केला कीं ब्रेक लागल्यानंतरचें अंतर दुप्पट न होतां चौपट होतें. पावसाळ्यांत, रस्ता निसरडा असतांना किंवा टायर गुळगुळीत झाले असतांना काय होईल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आतां या वेगाच्या बदल्यांत आपल्या पदरांत काय पडतें तेंही पाहूं. मुंबई–पुणें द्रुतगति मार्गाची लांबी सुमारें ९४.५ किलोमीटर आहे. मोटारींना तेथें ताशीं १०० किलोमीटरची मर्यादा असून घाटांत ती याहून बरीच कमी आहे. तो घाट क्षणभर विसरून, सबंध रस्ता ताशीं १०० नें तोडला असें मानलें, तर सुमारें ५७ मिनिटें लागतात. १२० नें तोडला, तर ४७. म्हणजे कायदा मोडून, घरच्या माणसांचे जीव टांगणीस लावून आपण मिळविलें काय, तर फार तर दहा मिनिटें! तीं दहा मिनिटें वाटेंत चहाला थांबलें कीं संपतात. लग्नाचा मुहूर्त गांठावयाचा म्हणून बेफाम निघालेल्या किती तरी गाड्या वैशाखांत दिसतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो अशी म्हण आहे. पण आजकाल नवरदेवापेक्षां वऱ्हाडालाच अधिक उतावीळ झालेली असते. मुहूर्त गांठावयाचा असेल, तर त्याचा उपाय अर्धा तास आधीं निघणें हाच होय. तो उपाय आपल्या घरांत सर्वांना ठाऊक असतो. फक्त निघतेवेळीं कोणाची तरी पिशवी सांपडत नाहीं.

हा विनोद येथेंच सोडून एक आंकडा सांगणें आम्हांस भाग आहे. केंद्र सरकारच्या वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें अपघातांत दगावलीं आणि त्यांतले शेंकडा ७१ हून अधिक मृत्यु अतिवेगाच्या सदराखालीं नोंदले गेले. एखाद्या जिल्ह्याच्या गांवाची सबंध वस्ती एका वर्षांत नाहींशी व्हावी, एवढी ही संख्या आहे.

कायदा काय सांगतो

२०१८ च्या एप्रिलमध्यें केंद्र सरकारनें कमाल वेगाच्या मर्यादा ठरविल्या. त्यांप्रमाणें घरगुती मोटारीला द्रुतगति मार्गावर ताशीं १२० किलोमीटर, दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा त्याहून रुंद रस्त्यावर १००, आणि शहरांत व इतर रस्त्यांवर ७० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. मात्र ही झाली वरची सीमा. राज्य सरकारला व स्थानिक अधिकाऱ्यांना ती कमी करतां येते आणि पुष्कळ ठिकाणीं ती केलेलीही असते. म्हणून पुस्तकांतला आंकडा पाठ करून उपयोग नाहीं; त्या त्या रस्त्यावरच्या फलकावर जो आंकडा असेल, तोच आपला कायदा.

ही मर्यादा ओलांडल्यास कायद्याच्या १८३ व्या कलमाप्रमाणें हलक्या मोटारीला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व अवजड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. तोच गुन्हा पुन्हा घडल्यास परवाना अडकवून ठेवण्याची तरतूद आहे. न्यायालयांत न जातां जागच्या जागीं प्रकरण मिटविण्यासाठीं जी रक्कम भरावयाची, तिला तडजोड शुल्क म्हणतात. महाराष्ट्र सरकारनें २०१९ च्या दुरुस्तीस अनुसरून या शुल्काचे दर डिसेंबर २०२१ मध्यें जाहीर केले.

याच कलमांतील एक गोष्ट फारच थोड्या लोकांना माहीत असते. “माझ्या अंदाजानें ही गाडी फार वेगांत होती,” एवढ्या एकाच साक्षीदाराच्या मतावर कोणालाही वेगाच्या गुन्ह्यासाठीं दोषी ठरवितां येत नाहीं. तें मत कोणत्या तरी यांत्रिक किंवा विद्युत् उपकरणाच्या मोजणीवर आधारलेलें असलें पाहिजे. म्हणूनच शिपायाच्या हातीं वेग मोजण्याचें यंत्र असतें व रस्त्याच्या कमानीवर कॅमेरे असतात. जी मोजणी आपल्याला जाचक वाटते, तीच निरपराध माणसाचें संरक्षणही करते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

यंत्राचा डोळा

पूर्वीं शिपाई दिसला कीं पाय आपोआप ब्रेकवर जाई आणि तो मागें पडला कीं पुन्हा पूर्वस्थितीवर येई. आतां शिपाई दिसत नाहीं, पण दंड होतो. महाराष्ट्रांतील मोठ्या शहरांच्या चौकांत कॅमेरे बसलेले आहेत आणि मुंबई–पुणें द्रुतगति मार्गावरही २०२४ सालापासून वेग टिपणारी यंत्रणा चालू झाली आहे. गाडीचा क्रमांक यंत्र वाचतें, नोंदलेल्या मालकाचें नांव शोधतें, आणि कांहीं दिवसांनीं त्याच्या मोबाईलवर ई-चलानाचा संदेश येतो.

अशा यंत्रांविषयीं ऑगस्ट २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जे नियम केले, ते प्रत्येक वाहनधारकानें समजून घ्यावे. यंत्राला दरवर्षीं प्रमाणपत्र घेतलें पाहिजे. ज्या रस्त्यावर तें लावलेलें असेल, तेथें आधीं ठळक फलक लावून वाहनचालकांना सूचना दिली पाहिजे. गुन्ह्याचा पुरावा म्हणून क्रमांकाची पाटी स्पष्ट दाखविणारें छायाचित्र, यंत्राची मोजणी आणि दिनांक, वेळ व ठिकाण यांची नोंद असली पाहिजे. आणि नोटीस गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांच्या आंत पाठविली पाहिजे, असें त्या नियमांत म्हटलें.

तेव्हां चलान आलें म्हणजे रागावण्यापूर्वीं तें उघडून पाहावें. छायाचित्रांतली गाडी आपलीच आहे काय, क्रमांकांतील एखादा आंकडा यंत्रानें चुकीचा तर वाचला नाहीं ना, त्या वेळीं गाडी त्या गांवीं होती काय, मर्यादा किती व नोंदलेला वेग किती, एवढें ताडून पाहण्यास पांच मिनिटें पुरतात. सर्व बरोबर असेल, तर दंड निमूटपणें भरून टाकावा. चूक दिसली, तर वाहतूक पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा कार्यालयांत पुराव्यासह लेखी तक्रार करावी. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये हें खरें. पण न केलेल्या गुन्ह्याचा दंड मुकाट्यानें भरणें हाही शहाणपणा नव्हे. न्यायालयाचा मार्ग सर्वांना मोकळा आहे, आणि अशीं पुष्कळ प्रकरणें लोकअदालतींतही ठेवलीं जातात.

येथें एक इशारा देणें अगत्याचें आहे. खोट्या चलानाचे संदेश पाठवून लोकांना लुबाडण्याचा धंदा अलीकडे फार बोकाळला आहे. “तुमच्या वाहनाचा दंड बाकी आहे, पुढील दुव्यावर टिचकी मारा,” असा मजकूर येतो. त्याबरोबर एखादें ॲपही पाठविलेलें असतें. तें मोबाईलमध्यें घेतलें कीं बँकेंतील पैसे गेलेच म्हणून समजावें. घरांतील वडीलधारीं माणसें कायद्याला भिऊन वागणारीं असल्यामुळें अशा जाळ्यांत तींच अधिक सांपडतात. त्यांना एकच सांगून ठेवावें कीं, संदेशांतल्या दुव्याला हात लावूं नये. सरकारी संकेतस्थळ आपण स्वतः उघडून तेथें गाडीचा क्रमांक घालून पाहावा. दंड खरा असेल, तर तो तेथें दिसेलच.

शिपायासमोर

यंत्र कितीही आलें तरी चौकांतला शिपाई नाहींसा झालेला नाहीं. मुलें त्याला ‘मामा’ म्हणतात, मोठी माणसें त्याच्यामागें त्याला आणखी कांहीं म्हणतात. वैशाखाच्या उन्हांत आणि आषाढाच्या पावसांत, धूर, धूळ व भोंग्यांचा गजर सोशीत तासन् तास उभें राहणें ही साधी नोकरी नव्हे. त्यानें हात दाखविला म्हणजे गाडी बाजूला घेऊन थांबविणें हें आपलें पहिलें कर्तव्य होय. गणवेशांतील पोलिसानें मागितल्यास परवाना दाखविणें कायद्यानें बंधनकारक आहे. गाडीच्या नोंदणीचा व विम्याचा कागदही जवळ असावा. हे कागद सरकारी ‘डिजिलॉकर’मधून मोबाईलवर दाखविले तरी चालतात, मूळ प्रती गाडींत घेऊन हिंडण्याची गरज उरलेली नाहीं.

मग “काय झालें, साहेब?” असें शांतपणें विचारावें. कोणत्या गुन्ह्याबद्दल थांबविलें, वेग किती नोंदला गेला, तें यंत्रावर पाहूं द्याल काय, हें विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, आणि सभ्यपणें विचारलेल्या प्रश्नाला बहुधा सभ्य उत्तर मिळतें. गुन्हा मान्य असेल, तर शुल्क भरून पावती घ्यावी. मान्य नसेल, तर “मला हें मान्य नाहीं, मी न्यायालयांत सांगेन,” एवढेंच म्हणावें. कारण तडजोड ही दोघांच्या संमतीची गोष्ट आहे, ती सक्तीची नव्हे. कायद्याप्रमाणें परवाना ताब्यांत घेण्याची वेळ आलीच, तर त्याबद्दल पोहोंच देणें अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे; ती मागून घ्यावी. रस्त्यावर वाद घालून न्याय मिळत नाहीं. तेथें फक्त आवाज चढतो, मागें गाड्यांची रांग लागते आणि साध्या दंडाच्या प्रकरणाला सरकारी कामांत अडथळा आणल्याचें स्वरूप येण्याची भीति असते.

येथवर सर्वांना पटेल. घोडें पेंड खातें तें पुढें. पावती फाडण्याऐवजीं ‘कांहीं तरी मिटवून टाका’ असें म्हणणारे लोक दोन्ही बाजूंना असतात. चिरीमिरी घेणाऱ्याला आपण दिवाणखान्यांत बसून शिव्या देतों. परंतु खिशांतून नोट काढणारा हात आपलाच असतो, याचा सोयीस्कर विसर पडतो. भ्रष्टाचारविरोधी कायद्यांत २०१८ सालीं झालेल्या दुरुस्तीनंतर लांच देणें हाही स्वतंत्र गुन्हा झालेला असून त्याला सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. मात्र जुलमानें द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आंत तक्रार केली, तर देणाऱ्याला संरक्षण मिळतें. महाराष्ट्रांत अशी तक्रार १०६४ या क्रमांकावर करतां येते. ओळखीच्या साहेबांना फोन लावणें हा याच रोगाचा सभ्य प्रकार आहे. त्यांत पैसे जात नाहींत म्हणून आपण त्याला लांच म्हणत नाहीं, इतकेंच. आणि पोलिसांनाही कायदा लागू आहेच: अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्यानें स्वतः हा कायदा मोडला, तर त्याला दुप्पट शिक्षा सांगितलेली आहे.

घरच्यांची जबाबदारी

एकत्र कुटुंबांत गाडी एकाच्या नांवावर असते आणि हांकणारे पांच असतात. गाडी आजोबांच्या नांवावर, संदेश जातो त्यांच्या जुन्या मोबाईलवर, आणि तो मोबाईल कपाटांत बंद! असे दंड सांचत जातात आणि गाडी विकावयाची वेळ आली म्हणजे एकदम पुढें उभे राहतात. म्हणून नोंदणीशीं जोडलेला मोबाईल क्रमांक चालू ठेवावा आणि महिन्यांतून एकदां कोणीं तरी चलान तपासावें. वीजबिल भरण्याचें काम जशी घरांतली एक व्यक्ति अंगावर घेते, तसेंच हेंही घ्यावें. गाडी त्या वेळीं कोण हांकीत होतें हें अधिकृत पोलीस अधिकाऱ्यानें विचारल्यास तें सांगण्याचें बंधन कायद्यानें मालकावर घातलेलें आहे. तेव्हां ‘मी नव्हतो’ एवढें म्हणून आजोबा सुटत नाहींत. नातवाचें नांव त्यांना सांगावेंच लागेल.

पगारी ड्रायव्हर असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षांत असूं द्यावी. वेगाबद्दलचें कलम गाडी हांकणाऱ्याला जसें लागू आहे, तसेंच आपल्या नोकराला मर्यादेबाहेर हांकावयास लावणाऱ्यालाही लागू आहे. मागच्या आसनावर बसून “जरा दामटा हो” म्हणणारे शेट कायद्याच्या दृष्टीनें केवळ प्रवासी राहत नाहींत.

सर्वांत गंभीर तरतूद मुलांविषयीं आहे. परवाना नसलेल्या अल्पवयीन मुलानें गाडी हांकून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठीं रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. आपल्याला हें ठाऊक नव्हतें किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हें सिद्ध करण्याचा भार पालकावरच आहे. “आमचा बंड्या चौदाव्या वर्षींच सफाईनें स्कूटर चालवितो,” असें कौतुकानें सांगणाऱ्या घरांनीं हें कलम एकदां मोठ्यानें वाचावें.

पण कायद्याचा धाक ही शेवटची पायरी झाली. मुलें शिकतात तीं कायद्याच्या पुस्तकावरून नव्हे. मागच्या आसनावर बसलेलें आठ वर्षांचें मूल सारें पाहत असतें: कॅमेरा आला कीं बाबा हळू होतात व तो गेला कीं पुन्हा सुसाट सुटतात, शिपाई दिसला कीं पट्टा लावतात, दंड झाला कीं ओळख सांगतात. घरीं रोज शुभंकरोति म्हणून घेऊन जो संस्कार आपण करूं पाहतों, तो पुष्कळदां अशा एका चौकांत पुसला जातो. उलट, चूक झाली म्हणून वडिलांनीं पावती घेतली आणि शिपायाला नमस्कार करून ते पुढें निघाले, हें ज्या मुलानें पाहिलें, त्याला नागरिकशास्त्राचा तो धडा निराळा शिकवावा लागत नाहीं.

आपल्याकडे घरांतून बाहेर पडतांना ‘जातो’ असें कोणी म्हणत नाहीं, ‘येतो’ म्हणतात. त्या एका शब्दांत परत येण्याचें वचन असतें आणि दारांत उभीं राहिलेलीं माणसें त्या वचनावर विसंबून आंत वळतात. वेगाची मर्यादा पाळावयाची ती दंडाच्या दोन हजार रुपयांसाठीं किंवा कमानीवरच्या कॅमेऱ्यासाठीं नव्हे. त्या दारांत दिलेल्या शब्दासाठीं पाळावयाची.